नळावरचे पोपट

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस दुपारचा पारा 43 अंश सेल्सिअसच्या वर गेला. हे शहर ज्या मॅरिकोपा परगण्यात येते, तिथे त्या वर्षी उष्म्याने 645 माणसे दगावली. डोक्यावर छप्पर नसलेल्यांचे प्रमाण त्यांत मोठे होते. ॲरिझोना राज्याची ही राजधानी भर वाळवंटात आहे. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपण माण-आटपाडीला दुष्काळी म्हणतो, तिथे याच्या दुपटीच्या आसपास पडतो. आणि अशा या भट्टीत पोपट मजेत आहेत. पिंजऱ्यातले नव्हेत, मोकळे. कुणाच्या मालकीचे नसलेले, आपली पिले आपण वाढवणारे, सकाळी कलकलाट करून झोपमोड करणारे. 2010 मध्ये पक्षी अभ्यासकांनी गणती केली तेव्हा अंदाज अडीच हजारांच्या घरात आला होता.

यांना उन्हाळा बाधत नाही काय? बाधतो. मग ते काय करतात, हे ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी टिपून ठेवले आणि 2021 मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठाच्या आवारातल्या एका इमारतीच्या भिंतीवर आतली वातानुकूलित हवा बाहेर सोडणारे झरोके आहेत. ऊन चढू लागले की पोपट त्या झरोक्यांवर येऊन बसतात, चोची आत खुपसतात आणि आतल्या प्राध्यापकांसाठी गार केलेली हवा अंगावर घेतात. जसजसा पारा चढतो तसतशी गर्दी वाढते. हवा निवली की झरोके ओस. यापेक्षा शहाणपणाचा पक्षी व्यवहार क्वचितच पाहायला मिळेल. विजेचे बिल विद्यापीठ भरते.

या पोपटांची छायाचित्रे पाहून लोक मोहरतात, ते स्वाभाविक आहे. मुठीएवढा जीव, पोपटी अंग, गुलाबी चेहरा, निळी पाठ. आपल्याकडे घरोघर 'लव्हबर्ड' म्हणून जो पाळतात, त्याच कुळातला हा. बाजारात याला पीचफेस म्हणतात. मूळ घर आफ्रिकेचा नैर्ऋत्य कोपरा: नामिबिया, अंगोलाचा दक्षिण भाग, दक्षिण आफ्रिकेची वायव्य बाजू. म्हणजे तोही कोरड्या मुलखाचाच. म्हणून या गोष्टीचा सोपा अर्थ लावला जातो. वाळवंटाचा पक्षी वाळवंटात गेला, रमला, संपले. निसर्गाची किमया वगैरे. अशी वाक्ये छायाचित्राखाली छान दिसतात.

पण ही मंडळी फिनिक्स सोडून वाळवंटात जात नाहीत. शहराच्या वेशीबाहेर सोनोरन वाळवंट सुरू होते. तिथे सवारो नावाचे, दुमजली-तिमजली घराइतके उंच निवडुंग उभे आहेत. त्या निवडुंगांत सुतारपक्ष्यांनी पाडलेल्या ढोली आहेत. घरट्याला जागा आहे, ऊनही ओळखीचे आहे. तरी चाळीसेक वर्षांत या पोपटांनी तिकडे बस्तान हलवलेले नाही. ते राहतात गोल्फच्या मैदानांभोवती, बागांत, बंगल्यांच्या अंगणांत, जिथे ताडांची सुकलेली झापे झालरीसारखी लोंबतात आणि कुणी तरी रोज दाणे टांगून ठेवते. वेशीजवळच्या निवडुंगाच्या ढोलीत घरटे करतात, पण पाण्याला गावात येतात. कारण साधे आहे. नामिबियातही हा पक्षी पाणवठ्याला धरूनच राहतो. कोरडे बी खाऊन जगणाऱ्याला रोज पाणी लागते. त्याला वाळवंट आवडते अशी आपली समजूत आहे. त्याला आवडते ते वाळवंटातले पाणी. आणि फिनिक्समध्ये पाणी आहे ते नळाला.

म्हणून या पोपटांबद्दल बोलायचे तर आधी नळाबद्दल बोलायला हवे. फिनिक्सच्या जागी शेकडो वर्षांपूर्वी होहोकाम लोक राहत. त्यांनी सॉल्ट नदीवरून कालवे काढले होते. ती वस्ती पंधराव्या शतकात उजाड झाली. पुढे गोरे वसाहतकार आले, त्यांनी तेच कालवे उकरले आणि जुन्या वस्तीच्या राखेतून नवी उठली म्हणून गावाला एका पक्ष्याचेच नाव दिले. आज तिथे सॉल्ट नदीवरची धरणे आहेत आणि शेकडो किलोमीटरवरून, डोंगर चढवून आणलेले कोलोरॅडो नदीचे पाणी आहे. त्या पाण्यावर हिरवळ, हिरवळीवर बी, तुषारसिंचनाच्या नळीखाली डबके, डबक्यावर पोपट. हा सरळ हिशेब आहे, यात किमया कसली? ज्याला आपण वाळवंटातला जंगली थवा म्हणतो, तो महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचा एक ग्राहक आहे. फक्त त्याच्या नावावर मीटर नाही.

ज्ञानेश्वरीत शुकनळिकेचा दृष्टान्त आहे. पारधी नळी टांगतो, पोपट तिच्यावर बसतो, त्याच्याच भाराने नळी उलटी फिरते आणि तो घाबरून तिला घट्ट धरून ठेवतो. कुणी बांधलेले नसते. सोडले तर उडता येईल, पण आपण अडकलो असे त्याला वाटत राहते. फिनिक्समध्ये हा दृष्टान्त उलटा लागू होतो. तिथला पोपट झरोका धरून बसतो तो पुरता समजून, आणि थंडी पडली की बिनदिक्कत सोडून उडून जातो. नळीला लटकलेले आहे ते शहर. 2024 मध्ये फिनिक्सने सलग 113 दिवस 100 अंश फॅरनहाइटच्या वरचा उन्हाळा काढला. वातानुकूलनाचे यंत्र बंद पडले, तर पोपटांच्या आधी माणसांचे हाल होतील. 645 चा आकडा तेच सांगतो.

हे फक्त अमेरिकेपुरते नाही. आखाती देशांतल्या शहरांत तर आपल्या ओळखीचाच पक्षी आहे. दुबई, शारजा, दोहा, बहारीन, कुठेही संध्याकाळी बागेत उभे राहा. लांब शेपटीचे, लाल चोचीचे, नराच्या गळ्यात काळा-गुलाबी पट्टा असलेले राघू किंचाळत थव्याने झाडांवर उतरतील. रत्नागिरी-रायगडहून गेलेल्या माणसाला ते पाहून घर आठवत असेल तर नवल नाही. काही ठिकाणी त्यांच्यासोबत आकाराने मोठा, खांद्यावर लाल ठिपका असलेला पहाडी पोपटही दिसतो. साळुंकी आणि कावळाही आहेतच. आपल्याकडची पाखरांची अख्खी आळी तिकडे वसली आहे म्हणा ना. दुबईत पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास. पण पिण्याचे पाणी समुद्रातून मीठ काढून मिळवलेले, आणि बागांना दिलेले पाणी सांडपाणी शुद्ध करून आणलेले. खजुरीच्या खोडातल्या ढोली, रस्त्याकडेची फुलझाडे, हॉटेलांची हिरवळ, सगळे त्या नळ्यांवर. नळ्या काढा, राघू आठवडाभरही टिकणार नाहीत.

आणि नळ्या निघू लागल्या आहेत. आखातात नव्हे, अजून तरी, अमेरिकेत. ऑगस्ट 2021 मध्ये कोलोरॅडो नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली आणि पुढल्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यात मोठी कपात झाली. 2023 मध्ये त्या राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी देणे थांबवले. शेजारच्या नेवाडा राज्याने 2021 मध्ये कायदाच केला. लास वेगास परिसरात रस्त्याकडेची, दुभाजकांतली, कुणी पाय न ठेवणारी शोभेची हिरवळ 2026 च्या अखेरनंतर कोलोरॅडोच्या पाण्यावर जगवता येणार नाही. शहाणा निर्णय आहे, उशिरा झालेला. पण यात कुणी पोपटांचा विचार केलेला नाही आणि करण्याचे कारणही नाही. नळावर जगणाऱ्याने नळ आटला की काय करायचे, हा प्रश्न पाखराला आपण विचारू शकत नाही. ज्यांनी त्याला तिथे नेऊन सोडले त्यांना विचारता येतो.

कुणी सोडले? इथे प्रत्येक शहराकडे एक लाडकी दंतकथा असते. फिनिक्समध्ये सांगतात की, 1980 च्या दशकात वादळात कुणाचा तरी मोठा पिंजरा मोडला आणि लव्हबर्ड उडाले. लंडनच्या राघूंबद्दल तर जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने एक जोडी सोडली अशी कथा आहे. दुसरी कथा 'द आफ्रिकन क्वीन' या चित्रपटाच्या चित्रीकरणातून पळालेल्या पक्ष्यांची. 2019 मध्ये संशोधकांनी पक्षी कुठे-कुठे दिसले याच्या जुन्या नोंदी नकाशावर मांडून तपासल्या, तेव्हा लंडनच्या एकाही कथेला आधार सापडला नाही. पक्षी आले ते अनेक घरांतून, अनेक वर्षे, थोडे थोडे. दंतकथेचा एक फायदा असतो, वादळावर किंवा गिटारवादकावर दोष ढकलून बाजार नामानिराळा राहतो.

तो बाजार केवढा होता? 1984 ते 2007 या काळात एकट्या युरोपात दीड लाखाच्या आसपास राघू अधिकृतपणे आयात झाले. अधिकृतपणे, हे अधोरेखित करावे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात युरोपातल्या मोकाट राघूंचे मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारताकडे निघाले. अमेरिकेने 1992 मध्ये कायदा करून जंगली पक्ष्यांच्या आयातीवर बंधने आणली. युरोपीय संघाने बर्ड फ्लूच्या भीतीने 2005 मध्ये आयात थांबवली आणि 2007 मध्ये ती बंदी कायम केली. पक्ष्यांच्या कळवळ्याने नव्हे, रोगाच्या धास्तीने. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात पिंजरेवाल्यांचा नेहमीचा गैरसमज आहे. पोपट पाळला जातो, माणसाळवला जात नाही. कुत्रा, कोंबडी यांच्यामागे माणसाच्या सहवासाची हजारो वर्षे आहेत. पोपटामागे चार-दोन पिढ्या. फिनिक्समधल्या लव्हबर्डच्या जातीची मादी घरट्यासाठी पानांच्या-सालींच्या पट्ट्या चोचीने कापते आणि पाठीच्या मागल्या पिसांत खोचून नेते. अमेरिकेत विल्यम डिल्गर या अभ्यासकांनी हिचा संकर अशा जातीशी केला की जी पट्ट्या चोचीतून नेते. झालेल्या पिलांची पुरती त्रेधा उडाली. खोचायला जायचे, पट्टी गळून पडायची, पुन्हा खोचायचे. चोचीतून नेणे जमायला त्यांना काही वर्षे लागली. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात हा प्रयोग अजून सांगितला जातो. सांगायचे ते इतकेच की पिंजऱ्यात जन्मलेल्या जिवातही रान शाबूत असते. म्हणूनच हजारो सुटले की त्यांतले थोडे तगतात आणि वस्ती करतात. आणि म्हणूनच एक सुटला की बहुधा मरतो. त्याला खोचायचे माहीत असते, पण कुठे खायचे आणि कुणापासून पळायचे हे थव्याने शिकवायचे असते, आणि थवा नसतो.

मोकाट पोपटांवर दोन प्रकारचे लेख लिहिले जातात. एकात ते पिंजरा तोडून स्वतंत्र झालेले वीर असतात, दुसऱ्यात परके आक्रमक. दोन्ही मला सारखेच उथळ वाटतात, तरी नुकसानीचे पुरावे झटकून टाकण्यासारखे नाहीत. इस्रायलमध्ये राघूंची संख्या वाढली तशी ढोलीत घरटे करणाऱ्या हुदहुदाची जागा आक्रसली, असे 2016 च्या अभ्यासात दिसले. हुदहुद हा त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात एका बागेत राघूंनी ढोलींसाठी एका दुर्मीळ, मोठ्या वटवाघळावर हल्ले करून त्याला हुसकावले. फिनिक्समध्ये पक्षीनिरीक्षकांचा सूर बराच मवाळ आहे. 2012 मध्ये तिथल्या लव्हबर्डला अमेरिकी पक्षीसूचीत रीतसर जागाही मिळाली. पण सवारोतल्या त्याच ढोलींवर चिमणीएवढी घुबडेही अवलंबून असतात, याचा विसर पडू नये. राघू शेतावर उतरला की काय करतो ते तर आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन राखण बसवावी लागते ती कशासाठी? खातो कमी, पाडतो जास्त.

तरीही चोरीचा माल ज्याच्या घरात सापडला त्याला सोडून मालालाच शिक्षा करावी, तसा हा 'आक्रमक' शब्द आहे. पोपट विमानाने आला. तिकीट त्याने काढले नव्हते.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर राघू अनुसूची दोनमध्ये आहे. त्याला पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. हे किती घरांत ठाऊक आहे? व्हरांड्यात टांगलेला पिंजरा, त्यात मिरचीचा तुकडा, आणि पाहुण्यांसमोर 'बोल रे मिठू' हा कार्यक्रम. कुणालाही यात गुन्हा दिसत नाही. उलट आफ्रिकेतला लव्हबर्ड मात्र कायदेशीर. ज्या जातीचे थवे आज फिनिक्समध्ये आहेत ती 2005 मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांतून वगळली गेली, त्यामुळे तिला कागद लागत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत ती मिळते. आणि फिनिक्समध्ये त्याच पक्ष्याला केंद्रीय कायद्याचे संरक्षण नाही, कारण अमेरिकेचा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा परक्या जातींना लागू होत नाही. म्हणजे तिकडे पक्षी मोकळा आणि कायद्याबाहेर, इकडे राघू कायद्यात आणि पिंजऱ्यातही.

आपल्याकडे सोडण्याची हौसही दांडगी. वाढदिवस, श्राद्ध, ग्रहांची शांत, काही निमित्त काढून बाजारातून पक्षी विकत घ्यायचा आणि गच्चीवरून उडवायचा. पुण्य मिळते म्हणे. विक्रेत्याला त्याचे पैसे मिळतात आणि तो दुसऱ्या दिवशी आणखी पक्षी पकडायला सांगतो, एवढे मात्र नक्की. परमुलखातला लव्हबर्ड असा उडवला तर तो बहुतेक वेळा दोन दिवसांत घारीच्या, कावळ्याच्या नाही तर मांजराच्या तोंडी जातो. आणि शेकडो लोकांनी शेकडो वेळा उडवला, तर कधी तरी फिनिक्स होते.

तेव्हा लव्हबर्ड घरात असेल तर तो आहे त्याचे आयुष्य संपेपर्यंत नीट सांभाळा. मोठा पिंजरा द्या, जोडी द्या, खिडकीला जाळी लावा. कंटाळा आला म्हणून सोडू नका आणि तो गेल्यावर दुसरा आणू नका. घरात राघू किंवा पहाडी पोपट असेल, तर तोही गच्चीवरून उडवू नका. महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा क्रमांक फुकट लागतो. फोन करा आणि पक्षी त्यांच्या स्वाधीन करा. उडता येण्याजोगे पंख आणि रानात जगण्याजोगी सवय परत आली की तो कुठे सोडायचा, हे ठरवणे त्यांचे काम आहे.